जाहीर जलसा आणि संगीत-विद्यालय : गांधर्व महाविद्यालयाच्या इतिहासातील एक प्रश्न

१

एखाद्या संगीत-विद्यालयाने येत्या महिन्यातील गायनवादनाच्या कार्यक्रमांचे पत्रक काढावे, त्यात कलावंतांची नावे, दिवस, वेळ आणि प्रवेशमूल्य छापावे, ही गोष्ट आज इतकी अंगवळणी पडली आहे की तिलाही काही इतिहास असेल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. वस्तुतः हिंदुस्थानी संगीताच्या दीर्घ परंपरेत असे पत्रक ही फार अलीकडची वस्तू होय. गाणे केव्हा व्हावयाचे हे पूर्वी गाणे करविणारा ठरवीत असे. ऐकणाऱ्याचा त्यात काही संबंध नसे. दिवस आधी ठरवून तो सर्वांस कळविणे म्हणजे कलावंत आणि अनोळखी श्रोता यांच्यात एक प्रकारचा करार करणे होय. अमुक दिवशी अमुक वेळी आम्ही गाऊ, आणि ठरलेले मूल्य देणाऱ्या कोणासही ते ऐकण्याचा अधिकार राहील, असा तो करार आहे. महाराष्ट्रात आणि महाराष्ट्रीयांच्या हातून अन्यत्र हा करार रूढ होण्यास मुख्यतः संगीत-विद्यालये कारण झाली. मात्र ज्या विद्यालयांनी जाहीर जलसा वाढविला, त्यांस त्या जलशाने कितपत तारले, हा प्रश्न वेगळा आहे. पंडित विष्णु दिगंबर पलुसकर यांच्या गांधर्व महाविद्यालयाच्या इतिहासात तो अत्यंत स्पष्टपणे उभा राहतो. म्हणून त्या संस्थेच्या अनुषंगाने त्याचा विचार करणे उचित ठरेल.

२

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात महाराष्ट्रातील रसिकास गाणे ऐकण्याची स्थाने मोजकीच होती. संस्थानिकांचे दरबार आणि धनिकांचे दिवाणखाने ही पहिली. तेथील मैफलीस निमंत्रणावाचून प्रवेश नसे. देवळातील उत्सव आणि कीर्तन ही दुसरी. तेथे प्रवेश मुक्त असला तरी गाणे हे कथेचे अंग होते, स्वतंत्र श्रवणाचा विषय नव्हता. तिसरे स्थान गाणाऱ्या स्त्रियांची घरे; तेथे उत्तम गाणे ऐकावयास मिळे, परंतु तेथे गेल्याचे प्रतिष्ठित गृहस्थास उघडपणे सांगता येत नसे. म्हणजे गाणे होते, जाणकारही होते, पण पांढरपेशा कुटुंबाने उघडपणे, आपल्या पैशाने आणि आपल्या इच्छेने जाऊन ऐकावे असे ठिकाण नव्हते.

ही उणीव भरून काढण्याचे पहिले यत्न मंडळ्यांनी केले. मुंबईत कैखुश्रू काबराजी यांच्या पुढाकाराने १८७० मध्ये पारशी गायन उत्तेजक मंडळी स्थापन झाली. पुण्यात १८७४ मध्ये गायन समाज निघाला. बळवंत त्र्यंबक सहस्रबुद्धे हे त्याचे कार्यवाह होते. सुशिक्षित वर्गात संगीताची आवड पुन्हा उत्पन्न करणे आणि ते शिकविण्याची सोय करणे हा या समाजाचा हेतू होता. १८८३ मध्ये मद्रास येथे त्याची शाखा निघाली, यावरून ती कल्पना किती लवकर पसरली हे दिसते. तथापि या मंडळ्यांचा श्रोता म्हणजे सभासद होय. तो वर्गणी देत असे, तिकीट घेत नसे. दरबाराचा दिवाणखाना जरा रुंद झाला, इतकेच या टप्प्यावर म्हणता येईल.

बडोद्याचा मार्ग निराळा होता. तेथे सयाजीराव गायकवाड यांच्या कारकीर्दीत १८८६ मध्ये मौलाबक्ष यांनी गायनशाळा सुरू केली. संगीतास शाळा, इयत्ता, वेतन घेणारे शिक्षक आणि लिहिलेला पाठ असू शकतो हे या शाळेने दाखविले. पण तिचा भार राज्याने उचलला होता. ज्या शाळेस राजकोशाचा आधार आहे तिला जलशाच्या उत्पन्नाची गरज पडत नाही. म्हणून शाळा आणि तिकिटाचा जलसा यांचा संबंध तेथे जडणे क्रमप्राप्त नव्हते.

त्या जलशाची खरी पूर्वतयारी अगदी दुसऱ्याच क्षेत्रात झाली. अण्णासाहेब किर्लोस्कर यांचे ‘संगीत शाकुंतल’ ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात आनंदोद्भव नाट्यगृहात रंगभूमीवर आले, आणि त्यानंतरच्या पिढीस पैसे देऊन, ठरलेल्या वेळी, ओळीत बसून गाणे ऐकण्याची सवय लागली. नाटकाचे तिकीट हे नाटकाचे म्हणून विकले जात असले तरी प्रेक्षक पुष्कळदा पदांसाठी येत असे. जाहीर जलशाच्या इतिहासात संगीत नाटकाचे हे ऋण क्वचितच मान्य केले जाते. पुढे भास्करबुवा बखले यांनी १९११ मध्ये पुण्यात भारत गायन समाज स्थापन केला. त्या संस्थेचे आरंभीचे नाते किर्लोस्कर मंडळीशी होते, ही गोष्ट या दृष्टीने सूचक आहे.

३

विष्णु दिगंबर यांचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ रोजी कुरुंदवाड येथे झाला. वडील दिगंबर गोपाळ हे कीर्तनकार. दत्तजयंतीच्या उत्सवात दारूकामाने डोळ्यांस इजा झाल्यामुळे शालेय शिक्षण खुंटले, आणि मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्याकडे ग्वाल्हेर परंपरेचे गायन शिकण्याचा योग आला. मिरजेतील एका समारंभाचे निमंत्रण आपल्यास आले, पण गवई म्हणून आपल्या गुरूंस आले नाही, हा प्रसंग त्यांच्या मनास फार लागल्याचे त्यांच्या चरित्रांत सांगितलेले आढळते. १८९६ मध्ये त्यांनी मिरज सोडली ती हा सल मनात घेऊन. पुढील सर्व उद्योगाचे बीज या एका प्रसंगात शोधणे अतिव्याप्त होईल. तथापि गवयाची प्रतिष्ठा हाच त्यांच्या कार्याचा केंद्रबिंदू होता, यात संशय नाही.

मिरज सोडल्यानंतरच्या प्रवासात, सौराष्ट्रात, त्यांनी अल्प प्रवेशमूल्य ठेवून लोकांसाठी जाहीर गायन केल्याची नोंद त्यांच्या चरित्रात ठळकपणे केलेली असते. राजवाडा आणि देऊळ यांच्या बाहेर, कोणा एकाच्या आश्रयावाचून गाणे होऊ शकते, याचा हा प्रयोग होता. ग्वाल्हेर, मथुरा, दिल्ली, जालंदर असा प्रवास करीत ते लाहोरास पोचले, आणि तेथे ५ मे १९०१ रोजी त्यांनी गांधर्व महाविद्यालयाची स्थापना केली. एका मराठी गवयाने पंजाबात, ज्या नगरात आपल्या भाषेचा श्रोता जवळजवळ नाही, अशा ठिकाणी कोणत्याही संस्थानाच्या कायम आश्रयावाचून विद्यालय उघडावे, हे धाडसच होते. विद्यार्थ्यांचे शुल्क, लोकांच्या देणग्या, स्वतः छापलेल्या पुस्तकांची विक्री आणि जलशांचे उत्पन्न, या चार खांबांवर ते उभे होते. यांपैकी शुल्क अल्प होते. अनेक विद्यार्थ्यांस तर अन्नवस्त्र देऊन, दीर्घ मुदतीच्या करारावर, पुढे शिक्षक होण्यासाठी तयार करावयाचे होते. म्हणून हळूहळू चौथ्या खांबावरच भार वाढत गेला.

१९०८ मध्ये मुंबईस शाखा निघाली आणि विष्णु दिगंबरांचे वास्तव्य तेथे हलले. विद्यालय व वसतिगृह यांसाठी मोठी इमारत उभारण्यात आली, आणि तिच्यासाठी कर्ज काढावे लागले. ते फेडण्याचे साधन कोणते, तर पुन्हा जलशांचे दौरे.

४

या जलशांनी संगीताच्या व्यवहारात काय पालट केला, याचा थोडा तपशिलाने विचार केला पाहिजे.

पहिला पालट बैठकीचा. दिवाणखान्यात गवई आश्रयदात्याच्या समोर आणि बहुधा त्याच्याहून कमी मानाच्या जागी बसे. व्यासपीठ आले, तेव्हा गवई उंच बसला आणि ऐकणारे सारे, धनिक आणि कारकून, खाली. ही मांडणी नाट्यगृहातून आलेली असली तरी तिचा सामाजिक अर्थ लहान नव्हता. मिरजेच्या ज्या समारंभाचे निमंत्रण गुरूंस आले नव्हते, त्याला दिलेले ते एक प्रकारे उत्तर होते. विष्णु दिगंबर वेळ पाळण्याविषयी आणि सभेच्या शिस्तीविषयी अत्यंत दक्ष असत. त्यांच्या पुष्कळ शिष्यांनी या शिस्तीचा वारसा पुढे चालविला.

दुसरा पालट वेळेचा. मैफलीत एक राग किती वेळ गावा याला रंगाखेरीज दुसरे माप नव्हते. जाहीर जलसा मात्र ठरल्या वेळी सुरू होतो, आणि श्रोत्याला परत घरी जावयाचे असते. म्हणून कार्यक्रमाची आखणी आली : आरंभी प्रार्थना किंवा विद्यार्थ्यांचे समूहगान, मग मुख्य गायन, शेवटी भजन. नोकरीपेशाच्या श्रोत्यासाठी जलसा सायंकाळी किंवा रात्री ठेवणे भाग होते. रागांस समयाचे बंधन मानणाऱ्या संगीतावर याचा परिणाम होणे अटळ होते. यमन, पूरिया, बागेश्री, मालकंस हे राग व्यासपीठावर वरचेवर ऐकू येऊ लागले; ललत, तोडी, भैरव हे त्या मानाने दुर्मिळ झाले. पुढील काळात सुटीच्या दिवशी सकाळच्या मैफली मुद्दाम भरविण्याची जी प्रथा पडली, तिच्याकडे या असमतोलावरचा उपाय म्हणून पाहता येते.

तिसरा पालट शब्दांचा. विष्णु दिगंबरांनी परंपरागत चिजांतील शृंगारपर शब्द पुष्कळ ठिकाणी बदलून भक्तिपर शब्द घातले. त्याबद्दल त्यांच्यावर टीकाही झाली, आणि ती सर्वस्वी निराधार नव्हती. कारण चिजेतील अक्षर आणि स्वर यांची सांगड सहजासहजी मोडत नाही. परंतु त्यांच्यापुढे जो श्रोतृसमुदाय होता त्यात गृहिणी आणि मुले होती, किंवा ती यावीत अशी त्यांची इच्छा होती. या दृष्टीने पाहता, तिकिटाचा दरवाजा सर्वांस उघडा करण्याची किंमत चिजेने दिली, असे म्हणावे लागते.

चौथा पालट शिक्षणाचा. घराण्याच्या पद्धतीत शिष्य गुरूच्या मागे तंबोरा घेऊन बसे आणि गाण्याची बढत कशी होते ते कानांनी टिपून घेई. विद्यालयात स्वरलेखन आले, फळा आला, एका वेळी अनेकांस पाठ देण्याची रीत आली. लिहिलेल्या पाठाने चीज शिकविता येते. ती खुलवावी कशी हे शिकविता येत नाही. ही उणीव भरून काढण्याचे स्थान जलसा हेच होते. तेथे विद्यार्थी गुरूच्या मागे बसे, मधून आवाज देई, आणि समोरच्या अनोळखी माणसांचा कल ओळखावयास शिके. ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, बा. र. देवधर यांच्यासारखे शिष्य याच संस्थेत घडले. वर्ग आणि जलसा ही तेथे एकाच शिक्षणाची दोन अंगे होती, ही गोष्ट त्यांच्या घडणीचा विचार करताना विसरता येत नाही.

५

जलशावर शाळा चालविण्याचा प्रयोग जगात प्रथमच होत होता असे नाही. युरोपात संगीत-विद्यालयास जो ‘कॉन्झर्वेतोरिओ’ हा शब्द आहे, त्याचा मूळ अर्थ अनाथ बालकांच्या रक्षणाचे स्थान असा आहे. नेपल्स येथे सोळाव्या शतकात निघालेल्या अशा चार अनाथालयांतून पुढे संगीत-शिक्षण वाढले. व्हेनिसच्या ‘पिएता’ या अनाथालयात अंतोनिओ विवाल्दी याची १७०३ मध्ये शिक्षक म्हणून नेमणूक झाली. तेथील मुली जाळीआड राहून गात व वाजवीत, आणि ते ऐकावयास येणाऱ्यांच्या द्रव्याचा संस्थेस उपयोग होई. पॅरिसचे विद्यालय १७९५ मध्ये निघाले ते शासनाच्या आधाराने. त्याच्याशी संलग्न अशा मंडळाने १८२८ मध्ये आबनेक याच्या नेतृत्वाखाली जे जाहीर कार्यक्रम सुरू केले, त्यांनी बेथोव्हनच्या रचनांस फ्रान्समध्ये श्रोता मिळवून दिला. तेथे जलसा शाळेस पोसत नव्हता. शाळेचा निर्वाह वेगळ्या मार्गाने होत असल्यामुळेच जलशास रुचीचे नेतृत्व करता आले.

या तुलनेत गांधर्व महाविद्यालयाची अडचण ध्यानात येते. त्याचे वसतिगृह नेपल्सच्या अनाथालयासारखे, म्हणजे विद्यार्थ्याच्या उदरनिर्वाहाची जबाबदारी घेणारे. त्याची महत्त्वाकांक्षा पॅरिसच्या विद्यालयासारखी, म्हणजे साऱ्या देशाच्या रुचीस वळण लावणारी. आणि मागे शासन नाही, धर्मसंस्था नाही. जी शिल्लक पडावयाची ती एका गवयाच्या कंठातून. शिवाय दौऱ्यावर असलेला आचार्य वर्गात नसतो. जलसे वाढवावे तर शिक्षण विस्कळीत होते, न वाढवावे तर कर्ज वाढते. हा पेच कोणाच्या व्यवहारशून्यतेचा होता असे म्हणून चालणार नाही. तो त्या रचनेतच होता. १९२४ मध्ये विष्णु दिगंबर जलशांच्या दौऱ्यावर असता धनकोंनी मालमत्तेवर जप्ती आणली आणि मुंबईच्या विद्यालयाच्या इमारतीचा लिलाव झाला. कर्ज फेडण्यासाठी गवई बाहेर गात आहे, आणि त्याच वेळी घरी त्याच कर्जापायी इमारत जात आहे, यापेक्षा या पेचाचे अधिक स्पष्ट चित्र इतिहासात क्वचित सापडेल. त्यानंतर ते नाशिकास राहिले. रामनामाकडे त्यांचे मन अधिकाधिक वळले. २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेस त्यांचे निधन झाले.

६

तथापि जमाखर्चाच्या वहीवरून जलशाचे मोल ठरविणे बरोबर होणार नाही. त्याने जे दुसरे काम केले ते लिलावात जाण्यासारखे नव्हते. ते काम श्रोता घडविण्याचे. शाळेतून तानसेन निघत नाहीत असा आक्षेप तेव्हाही घेतला जात असे. त्याला कानसेन निघाले तरी पुरे, असे उत्तर परंपरेने दिले जाते. वर्गात दोन वर्षे स्वरज्ञान मिळविलेला आणि पुढे कचेरीत नोकरी करणारा मनुष्य हाच जलशाच्या तिकिटाचा कायमचा ग्राहक झाला. शाळेने श्रोता दिला आणि जलशाने त्यास टिकविले.

परंतु हा नवा दरवाजा कोणास उघडा होता आणि कोणास नव्हता, हेही पाहिले पाहिजे. ज्या गाणाऱ्या स्त्रियांनी आणि मुसलमान उस्तादांनी ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली, त्यांच्या वर्तुळापासून आपण भिन्न आहोत हे दाखविण्यावरच नव्या जलशाची प्रतिष्ठा बरीचशी अवलंबून होती. उस्तादांनी मात्र या नव्या साधनाकडे पाठ फिरविली असे नाही. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात अब्दुल करीम खाँ यांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय चालविले, विद्यार्थ्यांस जवळ ठेवून शिकविले, आणि त्याचा खर्च जाहीर जलशांतून भागविला. एकाच काळी, एकाच प्रदेशात, दोन भिन्न परंपरांचे दोन गवई एकाच उपायाकडे वळले, यावरून तो उपाय व्यक्तीच्या लहरीचा नसून काळाच्या गरजेचा होता हे सिद्ध होते.

स्त्रियांच्या बाबतीत बदल सावकाश झाला. अब्दुल करीम खाँ आणि ताराबाई माने यांच्या कन्या हिराबाई बडोदेकर (१९०५–१९८९) या १९२१ च्या सुमारास, वयाच्या सोळाव्या वर्षाच्या आसपास, मुंबईत गांधर्व महाविद्यालयाच्या संगीत-समारंभात गायिल्या. पुढे तिकिटे लावून स्त्रीने शास्त्रीय गायनाचा जाहीर जलसा करावा, ही गोष्ट महाराष्ट्रात प्रतिष्ठित करण्याचे श्रेय त्यांस दिले जाते. ज्या व्यासपीठाने आपली प्रतिष्ठा गाणाऱ्या स्त्रीस दूर ठेवून मिळविली होती, त्याच व्यासपीठावरून एका गायिकेने ती प्रतिष्ठा आपलीशी केली. यात विसंगती आहे, पण ती इतिहासाची विसंगती आहे : जो दरवाजा एकदा मूल्य देणाऱ्या कोणासही उघडला, तो आत गाणाऱ्यापुरता फार काळ बंद ठेवता येत नाही.

७

विष्णु दिगंबरांच्या निधनानंतर त्यांच्या शिष्यांनी त्याच वर्षी, १९३१ मध्ये, अहमदाबाद येथे गांधर्व महाविद्यालय मंडळाची स्थापना केली. विनायकराव पटवर्धनांनी १९३२ मध्ये पुण्यात विद्यालय सुरू केले. विनयचंद्र मौद्गल्य यांनी १९३९ मध्ये दिल्लीत केले. मंडळाचे कार्य मुख्यतः अभ्यासक्रम आणि परीक्षा यांचे झाले, आणि ते आजही चालू आहे. या व्यवस्थेने आर्थिक पेच सोडविला. जो भार पूर्वी जलशाच्या तिकिटावर होता तो परीक्षेच्या शुल्काने उचलला. आणि एका गवयाच्या कंठावर शाळा अवलंबून राहिली नाही.

दुसरीकडे, विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनी आरंभापासूनच शाळेस शासनाचा किंवा संस्थानाचा आधार शोधला होता. १९१६ च्या बडोद्याच्या अखिल भारतीय संगीत परिषदेत शास्त्रचर्चा आणि गायनवादन यांस त्यांनी शेजारी बसविले. ग्वाल्हेरचे विद्यालय १९१८ मध्ये आणि लखनौचे मॅरिस कॉलेज १९२६ मध्ये निघाले. श्री. ना. रातंजनकरांसारखा आचार्य लखनौस लाभल्यामुळे तेथे शिक्षणास सलगता आली. तेथील शिक्षकास विद्यालयाच्या वेतनासाठी गावोगाव गात फिरावे लागले नाही.

मात्र प्रत्येक सोडवणुकीबरोबर काही गमवावे लागले. परीक्षा हे उत्पन्नाचे साधन झाले, तेव्हा हळूहळू तेच शिक्षणाचे ध्येय होण्याचा धोका निर्माण झाला. १९२७ मध्ये मुंबईस नभोवाणी सुरू झाली, पुढे नगरोनगरी संगीत-मंडळे आणि वार्षिक महोत्सव निघाले. आणि जलसा विद्यालयाच्या भिंतीबाहेर गेला. वर्गात शिकणारा आणि व्यासपीठावर गाणारा, यांच्यात अंतर पडले. हजारो विद्यार्थी पदवी घेतात आणि त्यांपैकी फार थोडे अनोळखी श्रोत्यांपुढे एकदा तरी बसतात, ही तक्रार आज सर्वत्र ऐकू येते. तिचे मूळ विद्यार्थ्यांच्या आळसात नाही. वर्ग आणि जलसा यांची जी सांगड लाहोरास आणि मुंबईस घातली गेली होती, ती आर्थिक कारणांनी सुटली, यात आहे.

यावरून निष्कर्ष असा निघतो. विष्णु दिगंबरांच्या प्रयोगात जलशाकडे तीन कामे होती : शाळेस पोसणे, विद्यार्थ्यास घडविणे आणि श्रोता निर्माण करणे. पहिले काम त्यास झेपले नाही, आणि झेपणारही नव्हते. त्या एका अपयशामुळे दुसरे काम मागे पडले. तिसरे मात्र इतके यशस्वी झाले की त्याचा कर्ता कोण हेच लोक विसरले. ज्या संस्थांस आज शासनाचे वा विद्यापीठाचे साहाय्य आहे, त्यांच्या डोक्यावर पहिल्या कामाचा भार उरलेला नाही. त्यांच्या सूचनाफलकावर येत्या जलशाचे जे पत्रक लागते ते उत्पन्नासाठी नसून शिक्षणासाठी आहे, असे त्यांस म्हणता येते. दिल्लीच्या विद्यालयात विष्णु दिगंबरांच्या जयंतीनिमित्त होणाऱ्या समारोहासारखे कार्यक्रम हे या दृष्टीने केवळ स्मरणोत्सव नव्हेत. त्या पत्रकावर प्रथितयश कलावंतांच्या नावांखाली विद्यार्थ्यांची नावे किती येतात, यावरून १९२४ मध्ये अर्धवट राहिलेला तो प्रयोग पुढे गेला की नाही, हे ठरेल.